सोर्बियन भाषा: वरची शिकावी की खालची? (माहिती आणि प्रश्नोत्तरं)

लिंबलोण
कॉटबुसच्या तांत्रिक विद्यापीठात भारतीय विद्यार्थी बरेच आहेत, त्यात मराठीही. तिथे नव्याने येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला: स्टेशनवर ‘कॉटबुस’च्या जोडीला ‘खोशेबुस’ असं काय लिहिलंय, ही पोलिश आहे का? नाही. ही सोर्बियन. जर्मनीच्या पूर्व टोकाला, पोलंड-चेक सीमेलगत लाउझिट्स नावाचा प्रदेश आहे, तिथल्या स्लाव लोकांची भाषा. स्वतःला ते ‘सेर्ब्या’ म्हणवतात. सर्बियाच्या सर्ब लोकांशी नाव जुळतं, पण भाषेने ते पोलिश आणि चेक यांच्या जवळचे, म्हणजे पश्चिम स्लाव. सर्बियन दक्षिणेची. जर्मन लोक पूर्वी यांना ‘वेंड’ म्हणत. ब्रांडेनबुर्गमध्ये तो शब्द आजही चालतो, सॅक्सनीत मात्र कॅथलिक सोर्ब माणसाला सहसा आवडत नाही.

पहिली गोष्ट पक्की करा: ‘सोर्बियन’ नावाचा एकच अभ्यासक्रम नसतो. प्रमाणभाषा दोन आहेत. वरची सोर्बियन सॅक्सनीत, बाउट्सन (त्यांचं बुदिशिन) आणि कामेन्त्सच्या आसपास. खालची सोर्बियन ब्रांडेनबुर्गमध्ये, कॉटबुसच्या आसपास. वर-खाली हे जमिनीच्या उंचीवरून, प्रतिष्ठेवरून नव्हे. व्याकरणाची पुस्तकं वेगळी, शब्दकोश वेगळे, वर्तमानपत्रं वेगळी. संगणकाच्या भाषासंकेतांतही एचएसबी आणि डीएसबी असे दोन संकेत आहेत.

कुठली निवडायची? बोलायला माणसं हवी असतील तर वरची. कॉटबुसमध्ये राहून शिकवणी लावायची असेल तर खालची. दोन्ही एकदम सुरू करू नका. शब्द इतके जवळचे आहेत की तिसरीच खिचडी तयार होते आणि ती कुठल्याच गावात बोलली जात नाही.

दगडू
वाचनखूण साठवली. पण मुळात बोलणारे किती उरलेत ते सांगा, मग ठरवू शिकायचं की नाही.

पारावरचा
दगडूशेठ, आकड्यांच्या बाबतीत सावध राहा. सगळीकडे ६०,००० सोर्ब हा आकडा दिसेल, ४०,००० सॅक्सनीत आणि २०,००० ब्रांडेनबुर्गमध्ये. तो लोकांचा आकडा आहे, भाषकांचा नाही, आणि तोही अंदाजच. जर्मनीत जनगणनेला वंश किंवा मातृभाषा नोंदवत नाहीत. नाझी काळानंतर ते तत्त्व म्हणूनच पाळलं जातं. ‘मी सोर्ब आहे’ असं माणसाने म्हटलं की झालं. कायद्याने कोणी ते तपासू किंवा नाकारू शकत नाही. त्यामुळे यादी नाही, दाखला नाही, टक्केवारी नाही.

रोजच्या वापरात भाषा असलेल्यांचे अंदाज २०,००० ते २५,००० पर्यंत जातात, काही अभ्यासक त्याहून कमी धरतात. त्यातले बहुतेक वरचीचे. खालचीचे जन्मजात भाषक शेकड्यांत मोजावेत इतकेच राहिलेत आणि ते वयस्क आहेत. शाळेतून शिकलेले त्याहून पुष्कळ जास्त, पण शिकलेला आणि त्याच भाषेत भांडणारा यांत फरक असतो.

शेंदाडशिपाई
एक शंका. दोन्ही एकाच जर्मन देशात, दोन्हीवर तेच राजे, तेच नाझी, तेच पूर्व जर्मन सरकार. मग वरची टिकली आणि खालची का गेली? फक्त संख्येचा फरक म्हणू नका, शंभर वर्षांपूर्वी खालचीचे भाषकही हजारोंनी होते.

पारावरचा
तेच राजे नव्हते, इथूनच सुरुवात आहे. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत लाउझिट्सची फाळणी झाली. खालचा लाउझिट्स पूर्ण आणि वरच्याचा काही भाग प्रशियाकडे गेला, उरलेला सॅक्सनीकडे राहिला. प्रशियाची शाळा आणि चर्च दोन्ही जर्मनीकरणाची यंत्रं होती. ब्रांडेनबुर्गची सवय तर जुनीच: १६६७ मध्ये तिथल्या इलेक्टरने (शासकाने) सोर्बियन छापील पुस्तकं आणि हस्तलिखितं नष्ट करण्याचा हुकूम काढला होता.

दुसरं आणि माझ्या मते खरं कारण चर्चचं. बहुतेक सोर्ब प्रॉटेस्टंट. बाउट्सन, कामेन्त्स आणि होयर्सवेर्डा या त्रिकोणात मात्र काही गावं कॅथलिक राहिली, कारण ती सांक्त मारिएनश्टेर्न या मठाच्या आणि बाउट्सनच्या कॅथलिक धर्मपीठाच्या ताब्यात होती. मठ १२४८ चा, आजही चालू. ही गावं चहूबाजूंनी प्रॉटेस्टंट जर्मनांनी वेढलेली. लग्न धर्मातच करायचं म्हटलं की जोडीदार आपोआप सोर्ब मिळायचा. धर्मगुरू तयार व्हायचे प्रागच्या सोर्ब सेमिनारीत, ती १९२२ पर्यंत चालली; म्हणजे शिकून आलेला पाद्री स्लाव वातावरणातून यायचा. रविवारची प्रार्थना, प्रवचन, कबुली, बारसं, मयत, सगळं सोर्बियनमध्ये.

प्रॉटेस्टंट खालच्या भागात उलट झालं. तिथल्या चर्चने जर्मन पाद्री पाठवले. नाझी काळात उरलीसुरली सोर्बियन प्रवचनं बंद पडली आणि युद्धानंतर ती परत सुरू व्हायला १९८७ उजाडलं, देश्नो (जर्मन नाव डिसेन) या गावात. चाळीसेक वर्षं ज्या भाषेत देवाशी बोलता येत नव्हतं ती घरातही कोणी पोरांना दिली नाही.

मात्रावृत्त
चर्चचा मुद्दा मान्य, पण खालचीला एक घाव आपल्याच लोकांकडूनही बसला. १९५२ मध्ये खालचीचं लेखन सुधारलं आणि ते वरचीच्या वळणावर नेलं. भाषा घरात बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना जुनी जर्मन धाटणीची लिपी आणि जुनं लेखन ठाऊक होतं. नवं छापलेलं वाचताना ‘ही आमची नव्हे, ही वरच्यांची’ अशी भावना झाली. ओ वर तिरकी रेघ असलेलं अक्षर तर काढूनच टाकलं होतं, ते १९९५ मध्ये परत आणलं. भाषक कमी होत असताना लिखाण आणि बोली यांत अंतर वाढवणं ही चूक होती, हेतू कितीही चांगला असो.

लिंबलोण
@मात्रावृत्त, आता उच्चारांचं लिहाच. मराठी माणसाला कुठे सोपं जातं आणि कुठे अडतं?

मात्रावृत्त
वरचीपुरतं लिहितो. वर्णमालेत ३४ अक्षरं. मराठीचा फायदा तीन ठिकाणी आहे.

एक, सी-एच ही जोडी शब्दाच्या सुरुवातीला आली की तिचा उच्चार चक्क आपला ख. पाव म्हणजे ‘ख्ल्येब’ (शेवटचा ब उच्चारात प होतो). जर्मन किंवा पोलिश बोलणारे इथे घशातून घासून काढतात आणि परके वाटतात. आपण नुसतं ख म्हणायचं. शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी मात्र तीच जोडी घशातल्या खरखरीत आवाजाने उच्चारायची.

दोन, आपल्याकडे दोन च आहेत, ‘चार’मधला आणि ‘चाक’मधला. सोर्बियनमध्येही दोन्ही हवेत आणि ते वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात. नुसता सी म्हणजे ‘चाक’मधला. सी वर उलटी टोपी किंवा सी वर तिरकी रेघ म्हणजे ‘चार’मधला, ही दोन अक्षरं लेखनात वेगळी आहेत, पण वरचीच्या आजच्या उच्चारात फरक राहिलेला नाही. त्यामुळे ऐकून लिहिताना मूळचे भाषकही चुकतात. शब्द पाठच करावा लागतो. तसंच डी आणि रेघवाला झेड ही जोडी म्हणजे ‘जीव’मधला ज.

तीन, संयुक्त व्यंजनांची भीती मराठीला नाही.

अडतं कुठे? रेघ मारलेला एल आणि डब्ल्यू, दोन्हींचा उच्चार ओठ गोल करून काढलेला व. आपला व दातांना लागतो, तो चालत नाही. आर वर उलटी टोपी: प आणि क नंतर तिचा श होतो, म्हणजे ‘प्रि’ असं दिसतं ते ‘प्शि’ वाचायचं. ट नंतर आली तर दोन्ही मिळून ‘चाक’मधल्या च सारखा आवाज. शब्दारंभी एच आणि लगेच पुढे व्यंजन असेल तर एच मुका: किल्ला ‘ह्रोद’ लिहितात, बोलतात ‘रोद’.

आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर, जवळपास नेहमी. एकाक्षरी शब्दयोगी अव्यय आधी आलं तर आघात बहुतेक त्याच्यावर सरकतो: ‘शेतात’ या अर्थी ‘ना पोलु’ म्हणताना जोर ‘ना’वर. मराठीत आपण आघाताकडे फारसं लक्ष देत नाही, म्हणून वाक्य सपाट होतं.

शेंदाडशिपाई
आणि खालचीत?

मात्रावृत्त
खालचीत वरचीच्या ह ऐवजी ग: डोंगर वर ‘होरा’, खाली ‘गोरा’, किल्ला ‘ह्रोद’, खाली ‘ग्रोद’. वरचीत जिथे च-ज येतात तिथे पुष्कळदा श-झ: ‘दोब्री जेन्य’ (नमस्कार, शुभ दिवस) खाली ‘दोब्री झेन्य’ होतो. प्र चं प्श होणं तिथे लिहितातसुद्धा: वर ‘प्रोशु’, खाली ‘प्शोसिम’, दोन्ही म्हणजे ‘कृपया’. शिवाय खालचीत श आणि ष वेगळे ठेवावे लागतात. आपण लिहिताना ठेवतो, बोलताना नाही.

कोष्टी
द्विवचन अजून आहे म्हणतात ते खरं? संस्कृतसारखं?

मात्रावृत्त
पूर्ण जिवंत आहे. स्लाव भाषांमध्ये ते फक्त स्लोव्हेनियन आणि या दोन सोर्बियन भाषांनी पूर्णपणे राखलं. मराठीने प्राकृतातच सोडलं, त्यामुळे ‘रामौ’ पाठ करताना जी कसरत झाली ती इथे परत. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, चारही बदलतात.

वरचीतलं क्रियापद ‘काम करणे’: मी ‘जेवाम’, आम्ही दोघं ‘मोय जेवामोय’, आम्ही सगळे ‘मी जेवामी’. ते दोघे किंवा तुम्ही दोघं यांच्या प्रत्ययात आणखी एक फाटा: पुरुष असतील तर ‘-ताय’, बाकी सगळ्यांना ‘-तेय’. 

मोजणीचा तक्ता ओक झाडावर बसवा, पाठ होतो: एक ‘दुब’, दोन ‘दुबाय’, तीन आणि चार ‘दुबी’, पाचपासून पुढे ‘दुबोव’. पाचपासून नाम षष्ठी बहुवचनात जातं आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात. म्हणजे ‘पाच माणसं आली’ याची रचना जवळपास ‘माणसांची पाचकी आलं’. सुरुवातीला सगळे इथेच घसरतात.

खालचीत दोन किल्ले ‘ग्रोदा’, वरचीत ‘ह्रोदाय’. मिसळू नका.

एकवीस, बावीस मात्र आपल्यासारखे, आधी एक मग वीस. जर्मनांकडून उचललंय, पण आपल्याला फुकटात मिळालं.

दगडू
काम करतो म्हणजे ‘जेवाम’. ही भाषा मला जमणार.

कोष्टी
:-D
विभक्त्या किती?

मात्रावृत्त
वरचीत संबोधन धरून सात. खालचीत संबोधन जवळपास गेलं, म्हणून सहा. तृतीया आणि सप्तमी एकट्या कधी येत नाहीत, अव्यय लागतंच: ‘सुरीने कापणे’ म्हणताना सुद्धा ‘झ’ हे अव्यय आणि मग तृतीयेतलं नाम. रशियन किंवा पोलिश येणारे अव्यय गाळतात आणि लगेच पकडले जातात. खालचीत एक जुना अवशेष आहे, हेत्वर्थक धातुरूप: जाणे-येणे या क्रियापदांपुढे ‘झोपायला’ यासाठी वेगळा प्रत्यय. झोपणे ‘स्पाश’, पण झोपायला जातो म्हणताना ‘स्पात’. वरचीत हे राहिलं नाही. वरचीने त्याऐवजी जुना साधा भूतकाळ जपला, तो कथा-बातम्यांत सर्रास दिसतो.

कळफलक
टंकलेखनाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. विंडोजमध्ये सोर्बियनचे तीन कळफलक आधीपासून असतात: प्रमाण, विस्तारित आणि जुना. भाषा विभागात जाऊन ‘वरची सोर्बियन’ किंवा ‘खालची सोर्बियन’ जोडा, कळफलक त्याबरोबर येतो. मांडणी जर्मन आहे, म्हणजे वाय आणि झेड यांची अदलाबदल. भारतीय लॅपटॉपवर पहिला आठवडा प्रत्येक वाय चुकणार.

फोनवर सोर्बियन कळफलक मिळाला नाही तर चेक आणि पोलिश असे दोन जोडून चालतं. उलट्या टोप्या चेककडून, रेघवाला एल आणि तिरक्या रेघा पोलिशकडून. खालचीतला तिरक्या रेघेचा आर या दोन्हींत नाही, तो स्लोव्हाकमध्ये मिळतो.

आणि टोप्या-रेघा गाळून लिहू नका. चॅटवर चालतं, पण शोधयंत्रात आणि शब्दकोशात शब्द सापडत नाही, शिवाय भाषांतर यंत्र त्याला चेक किंवा पोलिश समजतं. यादी लावताना लक्षात ठेवा, सी-एच ही जोडी एक अक्षर आहे आणि ती एच नंतर येते. एक्सेलने साध्या क्रमाने लावली तर सगळे ख चे शब्द सी मध्ये जाऊन बसतात.

फायरफॉक्स दोन्ही सोर्बियनमध्ये मिळतो. रोजचं ब्राउझर त्यात टाकलं की ‘जतन करा’, ‘रद्द करा’, ‘पुढे’ असे शंभरेक शब्द आपोआप डोळ्यांखालून जातात.

कोष्टी
भाषांतर यंत्रं कितपत भरवशाची?

कळफलक
वरचीसाठी वाचण्यापुरती चांगली, लिहिण्यासाठी तपासून. ‘सोत्रा’ हे सोर्ब लोकांनी स्वतः उभं केलेलं जर्मन-सोर्बियन यंत्र, तेच आधी वापरा. मायक्रोसॉफ्टनेही २०२२ मध्ये वरची घेतली. हे जमलं कारण विटाय भाषाकेंद्राने (सोर्बियनच्या शिक्षणासाठीची संस्था) संशोधकांना मजकूर मोकळा दिला. २०२० च्या यंत्र-भाषांतर परिषदेतल्या स्पर्धेला वरची-जर्मन अशा सुमारे ६०,००० वाक्यजोड्या होत्या. मोठ्या भाषांच्या हिशेबात हा आकडा चिल्लर आहे, एवढ्या लहान समाजासाठी मात्र मोठं काम.

चुका कुठे होतात ते ओळखीचं आहे. जर्मनमध्ये द्विवचन नाही. ‘आम्ही येतो’ टाकलं तर यंत्राला माहीत नाही दोघं की पाच जण, ते बहुवचन देतं. दोघं असाल तर जर्मन वाक्यात ‘आम्ही दोघं’ असं स्पष्ट लिहा. इंग्रजीतून थेट करू नका. मजकुराचा पाया जर्मनशी जोडलेला आहे, जर्मनमधूनच न्या. एकेक शब्दासाठी यंत्र नकोच, वरचीला ‘सोब्लेक्स’ हा कोश वापरा, तो नामाची आणि क्रियापदाची सगळी रूपं दाखवतो. खालचीला सोर्बियन संस्थेचा ऑनलाइन कोश आहे, त्यात उच्चारही ऐकता येतात.

शेंदाडशिपाई
साहित्य सगळं जर्मनमधूनच आहे का?

लिंबलोण
जवळपास सगळं. जर्मन बी-१ (मध्यम) पातळीच्या खाली असेल तर आधी ती पूर्ण करा, नाहीतर व्याकरणाचं स्पष्टीकरण समजण्यातच वेळ जाईल. क्रम असा ठेवा: पहिले दोन महिने ऑनलाइन प्राथमिक धडे आणि रोज दहा मिनिटं रेडिओ. सोर्बियन रेडिओचं वरचीचं केंद्र बाउट्सनला, खालचीचं कॉटबुसला. अर्थ कळला नाही तरी आघात कानात बसतो. मग मुलांचं मासिक ‘प्वोम्यो’, ते १९५२ पासून निघतं आणि वाक्यं आखूड असतात. त्यानंतर ‘सेर्ब्स्के नोविनी’, वरचीचं दैनिक. खालचीचं साप्ताहिक ‘नोवी त्सास्निक’, त्याची मुळं १८४८ पर्यंत जातात. दूरदर्शनवर दोन्हीचा महिन्याला अर्ध्या तासाचा एकेक कार्यक्रम: वरचीचा ‘वुह्लाद्को’, खालचीचा ‘वुझित्सा’. जर्मन उपशीर्षकं असतात, ती दुसऱ्यांदा पाहताना झाका.

पदवीच घ्यायची असेल तर जर्मनीत लाइपझिश विद्यापीठ, सोर्बियनची स्वतंत्र संस्था असलेलं ते एकमेव. शिक्षकांचा इतका तुटवडा आहे की तिथून शिक्षक होऊन बाहेर पडणाऱ्याला नोकरी शोधावी लागत नाही.

खडीसाखर
मुलांना शाळेत सोर्बियन देता येते का? बाउट्सनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला समजा.

पारावरचा
येते, आणि त्यासाठी सोर्ब असावं लागत नाही. बालवाडीला ‘विटाय’ पद्धत आहे. १९९८ मध्ये कॉटबुसजवळ झिलोव (जर्मन नाव झीलो) इथे सुरू झाली, नमुना फ्रान्समधल्या ब्रेटन शाळांचा. तत्त्व एकच: त्या गटातली बाई मुलाशी दिवसभर फक्त सोर्बियनमध्ये बोलते. मूल जर्मनमध्ये उत्तर देतं, तरी ती जर्मनवर येत नाही. पहिले सहा-आठ महिने मूल नुसतं ऐकतं, पालक घाबरतात आणि काढून घेतात. ते करू नये. सॅक्सनीच्या शाळांत पुढे ‘दोन अधिक’ नावाची योजना आहे: जर्मन, सोर्बियन आणि आणखी किमान एक भाषा, काही विषय सोर्बियनमधून.

बिघडतं दोन ठिकाणी. खालच्या भागात बालवाडीच्या बाया स्वतःच भाषा शिकून आलेल्या असतात, त्यामुळे मुलं जर्मन वाक्यरचनेची सोर्बियन उचलतात. आणि चौथीनंतर साखळी तुटते. पुढची शाळा जवळ नसेल तर सहा वर्षांचं बोलणं दोन वर्षांत विरतं.

शाळा किती नाजूक असतात त्याचं उदाहरण ख्रोश्चित्सी (जर्मन नाव क्रोस्टविट्झ). २००१ मध्ये तिथल्या माध्यमिक शाळेत पाचवीला १७ मुलं होती, नियमाला २० हवी होती. शिक्षण खात्याने वर्ग नाकारला. गावकऱ्यांनी आणि निवृत्त शिक्षकांनी वर्ग तसाच आठवडे चालवला, पण २००३ मध्ये शाळा बंदच झाली. हे कुठल्या तरी कोपऱ्यातलं गाव नाही, ज्या गावात १० मे १९४५ ला, युद्ध संपल्याच्या दुसऱ्या तिसऱ्या दिवशी, ‘दोमोविना’ ही बंदी घातलेली सोर्ब लोकांची संघटना पुन्हा उभी केली, ते हे गाव.

शेंदाडशिपाई
पण पूर्व जर्मनीत तर सोर्बांचे लाड होते म्हणतात. १९४८ चा कायदा, नाट्यगृह, प्रकाशनसंस्था...

पारावरचा
सगळं खरं. कायदा सॅक्सनीचा, मार्च १९४८ चा. संस्था मिळाल्या, प्रकाशनगृह मिळालं, नृत्यसंगीताचा चमू मिळाला. त्याच सरकारने १९६० च्या दशकात शाळेतले विज्ञानविषय सोर्बियनमधून काढून जर्मनमध्ये नेले आणि सोर्बियनचा तास ऐच्छिक केला. तो घेणारी मुलं झपाट्याने घटली. आणि वीज लिग्नाइटवर (तपकिरी कोळशावर) चालत होती, लिग्नाइट होतं गावांच्या खाली. १९२४ पासून लाउझिट्समधली १३० हून जास्त गावं पूर्ण किंवा अंशतः खाणींनी गिळली. एकीकरणानंतरही थांबलं नाही: रोगोव (जर्मन नाव होर्नो) गावाने वर्षानुवर्षं कोर्टकज्जे केले तरी ते २००० च्या दशकात उठवलंच. मिवोराझ (म्युलरोझ) तर अगदी अलीकडचं.

नुकसान घरांचं नसतं फक्त. नवी घरं मिळतात, चांगली मिळतात. पण गाव उठलं की माणसं शहरातल्या जर्मन शेजाऱ्यांत विखुरतात, आणि दुकानात, अंगणात बोलायला कोणी उरत नाही.

खडीसाखर
कायद्याने आज काय हक्क आहेत ते कोणी थोडक्यात लिहा ना.

लिंबलोण
दोन्ही राज्यांच्या घटनेत कलमं आहेत. सॅक्सनीचा सोर्ब कायदा १९९९ चा, ब्रांडेनबुर्गचा १९९४ चा. सोर्ब वस्तीच्या भागात सरकारी कचेरीला सोर्बियनमध्ये अर्ज देता येतो, कोर्टात सोर्बियनमध्ये बोलता येतं. पाट्या दोन भाषांत. प्रत्यक्षात अर्ज सोर्बियनमध्ये दिला तर उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून घाईचं काम असेल तर लोक जर्मनमध्येच देतात आणि मग कचेरी म्हणते मागणी नाही.

नवीन गोष्ट आडनावांची. सोर्बियनमध्ये नोवाकची बायको ‘नोवाकोवा’ आणि अविवाहित मुलगी ‘नोवाकेत्स’ (खालचीत ‘नोवाकोय्त्स’). जर्मन कागदपत्रांत हे चालत नव्हतं. १ मे २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने ही रूपं अधिकृत नाव म्हणून घेता येतात.

खडीसाखर
इतकं व्याकरण झालं, आता ईस्टरच्या अंड्यांचं लिहिते, कारण बाउट्सनला गेलेले लोक ती विकत आणतात आणि कशी करतात ते विचारतात.

चार पद्धती आहेत: मेण राखून रंगवणं, मेणाचा उठाव, कोरणं आणि आम्लाने खाणं. आम्लाची घरी करू नका. कोरायला बदक किंवा हंसाचं जाड कवचाचं अंडं गडद रंगवून टोकदार पात्याने खरवडतात. सर्वांत प्रसिद्ध पहिली.

अंडं पांढऱ्या कवचाचं घ्या, तपकिरी नको, त्यावर पिवळा उठत नाही. कडक उकडून पूर्ण गार करा, मग व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसा. हाताचं तेल राहिलं की तिथे रंग धरत नाही. हंसाची पिसं घेऊन टोकं कात्रीने कापा: एक त्रिकोणी, एक शंकरपाळी, एक थेंबासारखं. ठिपक्यांना काडीत खोचलेली टाचणी. मधमाशीचं मेण वाकड्या दांडीच्या चमच्यात, खाली छोटी मेणबत्ती.

पीस बुडवायचं, लगेच टेकवायचं. मेण अंड्यावर जवळपास पारदर्शक दिसलं पाहिजे. पांढरट आणि फुगीर दिसलं तर मेण थंड आहे, ते सोलून निघतं. पसरलं तर फार गरम. पीस चमच्याच्या तळाला टेकवलं की जळून वळतं आणि त्रिकोणाचा कोपरा जातो, हे सगळ्यांचं होतं.

पहिलं मेण जिथे लागलं ते पांढरं राहणार. मग पिवळ्यात बुडवायचं, कोरडं करायचं, दुसरं मेण (हे पिवळं राहणार), मग लाल, परत मेण, शेवटी निळा किंवा काळा. नेहमी फिक्याकडून गडदकडे. रंगाचं पाणी कोमटच, गरम असेल तर आधीचं सगळं मेण सुटून काम वाया जातं. शेवटी अंडं ज्योतीच्या बाजूला धरायचं, वर नाही. वर धरलं की काजळी बसते आणि ती निघत नाही. मेण चकाकलं की मऊ कापडाने पुसायचं, एका वेळी थोडासाच भाग.

त्रिकोणांच्या रांगेला लांडग्याचे दात म्हणतात, वाईटापासून राखण. मधमाशांच्या पोळ्याची नक्षी कष्टाळूपणासाठी.

दगडू
आणि ते घोड्यांवरून टोप्या घालून जातात ते?

खडीसाखर
ईस्टरच्या रविवारी. कॅथलिक गावांतून नऊ मिरवणुका निघतात, सगळे मिळून दीड हजाराहून जास्त स्वार. फक्त पुरुष, काळा कोट, उंच टोपी, एका गावाहून दुसऱ्या गावाला सोर्बियन भजनं म्हणत जातात, येशू उठल्याची बातमी सांगायला. पहिल्यांदा बसणाऱ्याला हिरवी माळ, पंचविसाव्या वर्षी चंदेरी, पन्नासाव्या वर्षी सोनेरी. समोरासमोरच्या दोन मिरवणुकांनी वाटेत भेटायचं नाही, अपशकुन मानतात, म्हणून वेळा आणि वाटा ठरलेल्या असतात.

बघायला जायचं तर बाउट्सनमध्ये गर्दी फार. ख्रोश्चित्सी किंवा राल्बित्सी बरं, पण बस त्या दिवशी जवळपास नसतात, गाडी हवी आणि ती गावाबाहेर शेताकडेला लावायची. घोड्यांच्या जवळ फ्लॅश मारू नका, छत्री उघडू नका. हा पूजेचा भाग आहे, टाळ्या वाजवायच्या नसतात. राल्बित्सीत गेलात तर स्मशानभूमी पाहा, सगळे क्रूस एकसारखे पांढरे लाकडी, श्रीमंत-गरीब फरक नाही.

कोष्टी
तिथे गेल्यावर कोणाशी सोर्बियनमध्ये सुरुवात करावी की आगाऊपणा वाटेल?

मात्रावृत्त
करावी, पण एक अडचण समजून घ्या. सोर्ब माणसं अनोळखी माणूस दिसला की सवयीने जर्मनवर जातात. गटात एक जर्मन असला तरी दहा सोर्ब जर्मन बोलतात. पिढ्यान् पिढ्यांची सभ्यता म्हणा किंवा भीड. त्यामुळे तुम्ही ‘दोब्री जेन्य’ म्हणालात तरी उत्तर जर्मनमध्ये येईल. तो अपमान नाही. तुम्ही पुढचं वाक्यही सोर्बियनमध्येच म्हणा, तिसऱ्याला गाडी रुळावर येते. आभार ‘जाकुयु सो’, निरोप ‘बोझेम्ये’. कॉटबुसकडे आभाराला ‘झेकुयोम से’.

आणि बोलण्यातली वरची पुस्तकातल्यासारखी नसते. गावात जर्मन शब्द भरपूर, वाक्याचा शेवट आखडलेला. पुस्तकी बोललात तर सगळं समजतं, फक्त पाद्रीबुवा बोलल्यासारखं वाटतं.

शेंदाडशिपाई
पुस्तकी वरची घेऊन कॉटबुसला गेलं तर निभावतं का?

मात्रावृत्त
वाचायला बरंचसं. बोलायला नाही, ती माणसं जर्मनच बरं म्हणतील. या दोघींच्या मधे श्लाइफे (त्यांचं स्लेपो) भागात संक्रमणाची बोली होती, दोन्हीकडची रूपं एकत्र. ती बोलणारे आता फार थोडे आणि वयस्क. कॉटबुसला राहणार असाल तर खालचीच धरा. तिथे गुरुकुल म्हणावं अशी एकच शाळा, खालच्या सोर्बियनचं गिम्नाझियम, १९५२ पासूनची. शहरात सोर्बियन भाषेची शाळा प्रौढांसाठीही आहे, वर्ग संध्याकाळी असतात. नव्या सत्राची नोंदणी आधी होते, गट लहान असतो आणि पुरेशी नावं आली नाहीत तर वर्ग रद्द होतो. तेव्हा दोन-तीन मराठी मित्र मिळून एकदमच नाव घाला.

दगडू
पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा). जेवाम.